फाल्गुनात कोकण किनाऱ्यावर: कुटुंबासह पक्षी पाहण्याची पहिली सुट्टी

फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा ते मार्चचा मध्य हा कोकण किनाऱ्यावर पक्षी पाहायला शिकण्याचा सर्वांत सोयीचा काळ आहे, असे माझे मत आहे. हिवाळी पाहुणे पक्षी अजून परतलेले नसतात, त्यांतल्या काहींच्या अंगावर विणीच्या हंगामातले रंग चढू लागलेले असतात, पांगारा आणि पळस फुललेले असतात, तांबटाची टुकटुक दिवसभर चालू असते आणि उन्हाचा तडाखा एप्रिलइतका वाढलेला नसतो. हा लेख अशा वाचकांसाठी आहे ज्यांनी आजवर दुर्बीण हातात धरलेली नाही आणि जे आईवडील, मुले, कदाचित सासूबाई किंवा आजोबा यांच्यासह चार दिवस समुद्रकाठी जाणार आहेत. उदाहरणे मी दापोली आणि मंडणगड तालुक्यांतल्या किनाऱ्यावरची, म्हणजे आंजर्ले, केळशी आणि वेळास या टापूतली घेतली आहेत, कारण तो भाग मी वारंवार पाहिला आहे. पण अलिबागजवळच्या आक्षीपासून खाली वेंगुर्ल्यापर्यंत आणि पुढे गोव्यातही पद्धत हीच राहील.

आमच्या पहिल्या सहलीत आम्ही दुपारी पोहोचलो, चहा घेतला आणि साडेचार वाजता उत्साहाने किनाऱ्यावर गेलो. पाणी खूप आत गेलेले होते, सूर्य समोर होता आणि दूरवर ओल्या वाळूवर काळे ठिपके हलत होते. ते पक्षी आहेत, एवढेच कळले. मुलांनी दहा मिनिटांत दुर्बीण खाली ठेवली. रात्री जेवताना घरमालकीण काकूंनी विचारले, ‘‘ओहोटीला कशाला गेलात? सकाळी पाणी चढायला लागलं की जा, पाखरं आपणहून काठाला येतात.’’ दुसऱ्या दिवशी तेच ठिकाण, तेच पक्षी, पण पन्नास पावलांवर आणि पाठीमागून पडलेल्या उन्हात. या लेखातली बहुतेक सगळी शिकवण काकूंच्या त्या एका वाक्यातून निघाली आहे.

तारखा ठरवण्याआधी भरतीची वेळ पाहा

किनाऱ्यावरचे बहुतेक पाणपक्षी घड्याळावर जगत नाहीत, भरती-ओहोटीवर जगतात. ओहोटीला चिखल आणि वाळू उघडी पडते, तेव्हा ते त्यातले किडे, शिंपले, लहान खेकडे खाण्यासाठी दूरवर पांगतात. पाणी चढू लागले की खाण्याची जागा आकसत जाते आणि पक्षी हळूहळू काठाकडे सरकत येऊन खाडीच्या मुखाजवळच्या वाळूच्या पट्ट्यावर दाटीवाटीने उभे राहतात. म्हणून पूर्ण भरतीच्या आधीचे दोन तास नवख्या माणसासाठी सर्वांत मोलाचे असतात.

दुसरी गोष्ट प्रकाशाची. आपला समुद्र पश्चिमेला आहे. सकाळी समुद्राकडे तोंड करून उभे राहिले की सूर्य पाठीशी असतो आणि पक्ष्यांच्या पायांचा रंगसुद्धा स्पष्ट दिसतो. संध्याकाळी तोच सूर्य समोर येतो आणि सगळे पक्षी काळ्या आकृत्या होतात. सूर्यास्त पाहायला संध्याकाळ उत्तम, पक्षी ओळखायला सकाळ उत्तम. आता या दोन गोष्टी जुळवायच्या: चढते पाणी आणि सकाळचे ऊन एकाच वेळी कोणत्या दिवशी मिळेल?

यासाठी भिंतीवरचे कॅलेंडर पुरते. किनाऱ्यावर एक जुना ठोकताळा आहे की तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली म्हणजे पूर्ण भरतीची वेळ साधारण मिळते. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणून तीनच्या सुमारास भरती. अष्टमीला सहाच्या सुमारास. द्वादशीला नऊच्या सुमारास. दिवसातून दोन भरत्या येतात, त्यामुळे पहाटे-सकाळची एक आणि दुपार-रात्रीची एक असे समजावे. भरतीनंतर सव्वासहा तासांच्या आसपास ओहोटी येते आणि रोज ही वेळ सुमारे पाऊण तास ते पन्नास मिनिटे पुढे सरकते. हा ठोकताळा आहे, त्यात तासाभराचा फरक पडू शकतो, आणि मुंबईच्या मानाने दक्षिणेकडे भरती थोडी लवकर येते. म्हणून निघण्याआधी त्या गावाजवळच्या बंदराचे भरतीचे कोष्टक मोबाइलवर एकदा पाहून घ्यावे. पण सुट्टीच्या तारखा निवडताना ठोकताळा पुरेसा आहे, आणि त्यावरून उत्तर असे येते की शुद्ध किंवा वद्य एकादशी ते चतुर्दशी हे दिवस सर्वांत चांगले, कारण तेव्हा सूर्योदयापासून नऊ-दहापर्यंत पाणी चढत असते.

होळीच्या सुट्टीला जाणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावे. होळी म्हणजे फाल्गुनी पौर्णिमा, म्हणजेच उधाणाचे दिवस. त्या वेळी पहाटे पाणी खूप दूर गेलेले असते आणि भरती दुपारी बाराच्या आसपास पूर्ण होते. सकाळी सात वाजता जाऊन निराश होण्यापेक्षा नाश्ता करून साडेनऊला निघावे आणि साडेअकरापर्यंत थांबावे; फक्त डोक्यावर टोपी आणि जवळ पाणी हवे. अष्टमीच्या आसपास, म्हणजे भांगाच्या दिवसांत, भरती-ओहोटीतला फरक कमी असतो आणि सकाळी पाणी उतरत असते. ते दिवस पदरात पडले तर सकाळ वाडीत घालवावी आणि किनाऱ्याला दुय्यम स्थान द्यावे. मुंबईजवळ उधाणाला भरती-ओहोटीच्या पातळीत चार मीटरच्या आसपास फरक पडतो, तर गोव्याकडे तो साधारण दोन मीटरच असतो. त्यामुळे उत्तरेकडच्या किनाऱ्यावर हे वेळेचे गणित अधिक काटेकोरपणे पाळावे लागते.

सोबत काय घ्यावे

दुर्बीण एक तरी हवीच, आणि कुटुंबात दोन असतील तर भांडणे टळतात. दुर्बिणीवर 8×42 असे आकडे लिहिलेले असतात. पहिला आकडा म्हणजे वस्तू किती पट जवळ दिसते तो, दुसरा म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. पहिल्या खरेदीसाठी 8×42 किंवा 8×40 हे माप घ्यावे. दहा किंवा बारा पटींचा मोह आवरावा, कारण जितकी पट वाढते तितका हाताचा कंप अधिक जाणवतो आणि दिसणारा परिसर लहान होतो. नवख्याला पक्षी सापडतच नाही. लहान मुलांच्या मानेला 8×42 जड होते, त्यांच्यासाठी 8×32 किंवा 6×30 बरी.

दुर्बीण घरीच लावून घ्यावी, किनाऱ्यावर नव्हे. प्रथम दोन्ही नळ्या जवळ-दूर करून एकच गोल दिसेल असे अंतर ठरवावे. मग उजवे भिंग हाताने झाकून, मधल्या चाकाने डाव्या डोळ्यासाठी दूरची पाटी स्पष्ट करावी. नंतर डावे भिंग झाकून, मधल्या चाकाला हात न लावता, उजव्या डोळ्याजवळची कडी फिरवून तीच पाटी स्पष्ट करावी. ती कडी कोणत्या खुणेवर आली ते लक्षात ठेवावे. दुसऱ्याने दुर्बीण घेतली की ती हलणारच. चष्मा लावणाऱ्यांनी डोळ्यांजवळची रबरी वाटी खाली दुमडावी, न लावणाऱ्यांनी वर ठेवावी. एवढे केले नाही म्हणून अनेक आजी-आजोबा ‘‘मला यातून काही दिसत नाही’’ म्हणत दुर्बीण परत देतात, आणि त्यात दोष त्यांच्या नजरेचा नसतो.

मुलांना शिकवायची पद्धत एकच: आधी नुसत्या डोळ्यांनी पक्षी पाहायचा, त्याच्यावरून नजर हलवायची नाही आणि नजर तशीच ठेवून दुर्बीण डोळ्यांपर्यंत उचलायची. घराच्या गच्चीवर कावळ्यांवर दोन दिवस सराव केला तरी पुष्कळ फरक पडतो. आणि एक नियम अत्यंत कडकपणे सांगावा की दुर्बिणीतून सूर्याकडे कधीही, क्षणभरसुद्धा पाहायचे नाही. पश्चिम किनाऱ्यावर संध्याकाळी उडणाऱ्या पक्ष्यामागे दुर्बीण फिरवताना सूर्य मध्ये येण्याचा धोका खरा असतो आणि डोळ्याला झालेली इजा कायमची राहू शकते. म्हणून आमच्याकडे सूर्यास्ताच्या तासाभर आधी दुर्बिणी पिशवीत जातात.

बाकी सामान थोडे आहे: लहान वही, दोन पेन्सिली, टोपी, पाणी, घडीची एक-दोन खुर्ची आणि मऊ कापड. भिंगावर वाळू बसली तर आधी फुंकर मारून किंवा मऊ ब्रशने ती उडवावी, मगच पुसावे. वाळूसकट पुसले तर भिंगावर कायमचे ओरखडे उठतात. कपडे मळखाऊ रंगांचे असावेत. खडकाळ किनाऱ्यावर जाणार असाल तर पट्टा घट्ट बसणारी चप्पल किंवा बूट हवेत, कारण खडकांवर चिकटलेली कालवे पाय कापतात. मोबाइलमध्ये मर्लिन हे पक्षी ओळखायला मदत करणारे मोफत ॲप, भारतातल्या पक्ष्यांच्या माहितीसह, घरच्या वायफायवर उतरवून घ्यावे. किनाऱ्यालगतच्या गावांत रेंजचा भरवसा नसतो.

किनाऱ्यावर कुठे आणि कसे बसावे

नुसता लांबलचक वाळूचा किनारा दिसायला सुंदर असला तरी पक्षी तिथे थोडे असतात. खाडी जिथे समुद्राला मिळते ती जागा शोधावी. आंजर्ल्याला जोग नदीची खाडी आहे, केळशीला भारजा नदीची, वेळासच्या पलीकडे बाणकोटला सावित्रीची. गोडे आणि खारे पाणी, चिखल, वाळू आणि कांदळवन एकत्र आल्यामुळे तिथे खाद्य भरपूर असते.

वाळूच्या पट्ट्यापासून शंभर-सव्वाशे पावले अलीकडे, सूर्य पाठीशी ठेवून, सुरूच्या झाडांच्या सावलीत किंवा उलट्या ठेवलेल्या होडीच्या आडोशाला बसावे आणि बसूनच राहावे. हे मी आग्रहाने सांगतो. बसलेल्या, हळू बोलणाऱ्या माणसांना पक्षी दहा-पंधरा मिनिटांत सरावतात आणि पाण्याबरोबर स्वतःच जवळ येतात. चालत जाऊन त्यांना गाठायचा प्रयत्न केला की थवा उठतो. ज्येष्ठांसाठी तर ही पद्धत वरदान आहे. आमच्या सासूबाई खुर्चीत बसून, गुडघेदुखीची तक्रार न करता, आमच्यापेक्षा अधिक पक्षी मोजतात.

जवळ जाण्याला मनाई का, हे मुलांना नीट समजावून सांगावे. फाल्गुनात हे पक्षी परतीच्या प्रवासाची तयारी करत असतात. तपकिरी डोक्याचे कुरव लडाख आणि तिबेटमधल्या तळ्यांकडे जातात, लहान वाळू-चिखल्या हिमालयापलीकडच्या उंच पठारांवर वीण करतात, छोटा कोरल तर उत्तरेकडच्या थंड प्रदेशात जातो. त्यासाठी अंगावर चरबी साठवावी लागते आणि ती साठवण्यासाठी दोन भरत्यांमधले मोजके तासच हाती असतात. मुलांनी गंमत म्हणून थव्यात धाव घेतली की जेवणारा पक्षी उठतो, उडण्यात साठवलेली ताकद खर्च करतो आणि परत बसायला जागा शोधतो. दिवसातून दहा कुटुंबांनी असे केले तर काय होईल ते मुलांना लगेच कळते. माझ्या मुलीने तर पुढच्या दिवशी दुसऱ्या मुलांना थांबवले. खूण सोपी आहे: पक्ष्याने खाणे थांबवून मान ताठ केली की आपण फार जवळ आलो आहोत, दोन पावले मागे व्हावे. कुत्रा सोबत असेल तर तो साखळीला असावा. वाळूवर गाडी घालू नये; लाटांच्या रेषेच्या वर कोरड्या वाळूत चिखल्यांची आणि टिटवीची अंडी असू शकतात, आणि याच महिन्यांत ऑलिव्ह रिडले कासवांची घरटीही तिथेच असतात.

सुरक्षेबद्दल दोन शब्द. खाडीचे मुख पायी ओलांडू नये. ओहोटीला गुडघाभर दिसणारे पाणी भरतीला अंगावर येते, प्रवाह ओढतो आणि चिखलात पाय रुततो. वाळूच्या पट्ट्यावर बसलात तर मागच्या बाजूने पाणी भरत नाही ना, याकडे एका मोठ्या माणसाने सतत लक्ष ठेवावे.

पहिल्या दिवशी ओळखायचे पक्षी

पुस्तक उघडून शंभर चित्रे पाहिली की गोंधळ वाढतो. त्यापेक्षा पहिल्या सकाळी फक्त गट ओळखायला शिकावे: कुरव, सुरय, बगळे, चिखल्या, लांब चोचीचे चिखलातले पक्षी आणि घारी. मराठी नावे पुस्तकागणिक आणि गावागणिक बदलतात, त्यामुळे नावावरून वाद घालण्यापेक्षा पक्षी कसा चालतो, कसा खातो हे वहीत लिहावे.

कुरवांपासून सुरुवात करावी, कारण ते मोठे, पांढरे आणि निवांत असतात. हिवाळ्यात त्यांच्या डोक्यावर रंग नसतो, कानामागे एक गडद ठिपका तेवढा असतो. फेब्रुवारीअखेर मात्र काहींचे डोके गडद होऊ लागते आणि एकाच थव्यात पांढऱ्या डोक्याचे, अर्धवट रंगलेले आणि पूर्ण तपकिरी टोपी घातलेले पक्षी शेजारी शेजारी दिसतात. हे दृश्य डिसेंबरात मिळत नाही, म्हणून ते मुलांना मुद्दाम दाखवावे. तपकिरी डोक्याचा आणि काळ्या डोक्याचा कुरव वेगळा करायचा तर डोक्याकडे पाहू नये, उडताना पंखांकडे पाहावे. तपकिरी डोक्याच्या कुरवाच्या पंखांची टोके ठळक काळी असून त्यात पांढरे ठिपके दिसतात; काळ्या डोक्याच्या कुरवाच्या पंखांची पुढची कड पांढरी असते आणि काळा रंग टोकाला बारीक किनारीसारखा उरतो. सुरय कुरवांपेक्षा सडपातळ असतात, त्यांची चोच टोकदार असते आणि ते चोच खाली रोखून पाण्यावर घिरट्या घालत अचानक सूर मारतात.

वाळूवर धावणारे लहान पक्षी पाहताना चाल पाहावी. चिखल्या थोडे धावतो, खाडकन थांबतो, वाकून टिपतो आणि पुन्हा धावतो. त्याची चोच आखूड आणि डोळे मोठे असतात, कारण तो नजरेने भक्ष्य शोधतो. याउलट ज्यांची चोच लांब असते ते चिखलात चोच खुपसून स्पर्शाने शोधतात आणि जवळजवळ न थांबता खात राहतात. हा एक फरक समजला की अर्धा किनारा वाचता येतो. केंटिश चिखल्याच्या मानेमागे पांढरा पट्टा असतो. लहान वाळू-चिखल्याला तो नसतो आणि मार्चमध्ये त्याच्या छातीवर विटकरी पट्टा उमटू लागतो. लाटेबरोबर मागे-पुढे धावणारे पांढुरके, काळ्या पायांचे, गोलसर पक्षी दिसले तर ते सँडरलिंग. लाट ओसरली की मागे धावायचे आणि आली की पुढे पळायचे, हा खेळ मुले अर्धा तास न कंटाळता पाहतात.

मोठ्या पक्ष्यांत कोरल सहज ओळखू येतो: तपकिरी, कोंबडीएवढा, आणि खाली वळलेली अतिशय लांब चोच. छोट्या कोरलची चोच तुलनेने आखूड असते आणि डोक्यावर गडद-फिकट पट्टे असतात. लालभडक चोचीचा, काळा-पांढरा कालवफोड्या दिसला तर ती सकाळ भाग्याची समजावी. खडक आणि शिंपल्यांच्या जागी तो आढळतो. पाय तांबडे असतील तर टिलवा, हे मुलांच्या पटकन लक्षात राहते.

बगळ्यांत एक गंमत आहे. समुद्री बगळा दोन रंगांत येतो, एक गडद करडा आणि एक पांढरा, आणि दोन्ही एकाच जातीचे असतात. गडद बगळ्याचा गळा पांढरा असतो, त्यामुळे तो लगेच ओळखता येतो. पांढरा मात्र लहान बगळ्यासारखा दिसतो. लहान बगळ्याची चोच काळी आणि बारीक, तर समुद्री बगळ्याची जाडसर आणि पिवळट-तपकिरी असते. समुद्री बगळा पंख अर्धवट उघडून उथळ पाण्यात नाचल्यासारखा धावतो, ही त्याची खरी ओळख.

आकाशाकडे पाहायला विसरू नये. विटकरी अंग आणि पांढरे डोके-छाती असलेली ब्राह्मणी घार प्रत्येक बंदरावर असते. तिच्यापेक्षा पुष्कळ मोठा, खालून पांढरा, पाठीवर राखाडी आणि पंख इंग्रजी ‘व्ही’सारखे वर उचलून तरंगणारा पक्षी दिसला तर तो समुद्रगरुड. कोकणात तो उंच झाडांवर काटक्यांचे प्रचंड घरटे बांधतो आणि या दिवसांत घरट्यात पिल्लू असू शकते. घरटे सापडले तर दुरून पाहून निघून यावे, जागा समाजमाध्यमांवर टाकू नये. किनाऱ्यावरचा सगळा थवा एकदम उठला आणि एकाच वळणाने फिरू लागला तर वर बहिरी ससाणा आहे का ते पाहावे.

उरलेला दिवस: वाडी, कांदळवन आणि बंदर

दहा-साडेदहानंतर किनारा तापतो. तेव्हा नारळी-पोफळीच्या वाडीत परतावे. पडवीत बसूनही पुष्कळ दिसते: दयाळ, शिंजीर, नारद बुलबुल, झावळ्यांभोवती भिरभिरणाऱ्या ताड पाकोळ्या, आणि कोकणात ज्याला कुकुडकुंभा म्हणतात तो भारद्वाज. पाटाच्या पाण्याजवळ दुपारी स्वर्गीय नर्तक येतो. शेपटीच्या लांब पांढऱ्या पिसांचा नर एकदा दिसला की घरातला सर्वांत उदासीन माणूसही उठून बसतो. आवाज ओळखायला हीच वेळ चांगली. एकसारखी टुक-टुक-टुक म्हणजे तांबट, ‘कुटरूक, कुटरूक’ म्हणजे कुटुरगा, आणि कोकीळ या सुमारास गळा तापवू लागलेला असतो. मोबाइलवर आवाज वाजवून पक्ष्याला बोलावू नये. विणीच्या काळात तो त्याला प्रतिस्पर्धी समजून घरटे सोडून धावतो.

गावात पांगारा, पळस किंवा काटेसावर कुठे फुलली आहे ते यजमानांना विचारावे आणि एक सकाळ, विशेषतः भांगाच्या दिवसांतली, त्या झाडाखाली काढावी. गुलाबी-काळ्या भोरड्या, ज्यांना पळसमैना असेही म्हणतात, मधासाठी तिथे गर्दी करतात. त्याही मध्य आशियाकडून आलेल्या पाहुण्या असून लवकरच परतणार असतात. वड-पिंपळाला फळे असतील तर पानांच्याच रंगाचे हरियाल, म्हणजे आपला राज्यपक्षी, शांत बसून निरखल्यावर दिसतात. डोंगराकडच्या बाजूला मोठ्या फळझाडांवर धनेश येतो, त्याच्या पंखांचा सूं-सूं आवाज आधी ऐकू येतो.

कांदळवनासाठी दुपारनंतरची भरती निवडावी आणि खाडीत होडी मिळत असेल तर घ्यावी. तांडेलकाकांना आधीच सांगावे की वेगाने फेरी नको, इंजिन बंद करून थांबायचे आहे. निळ्या-जांभळ्या अंगाचा, काळ्या टोपीचा आणि लाल चोचीचा खंड्या पाहण्याची ही जागा. संध्याकाळी हर्णैच्या बंदरावर मासळीचा लिलाव चालतो, तिथे कुरव आणि घारी माणसांपासून हातभर अंतरावर असतात. दुर्बिणीशिवाय पाहायला हीच उत्तम शाळा. मात्र तिथे, किंवा गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या बोटीवर, कुरवांना फरसाण आणि वेफर्स टाकू नयेत. तळलेले, खारट पदार्थ त्यांचे अन्न नाही.

वेळासला कासवांची पिल्ले समुद्रात सोडताना पाहायला जाणार असाल तर सकाळच्या वेळी जावे आणि गर्दी पांगल्यावर तिथेच तासभर बसावे.

रोजची नोंद

रात्री जेवणानंतर सर्वांनी मिळून वही पुरी करावी. तारीख, तिथी, वेळ, भरती चढती होती की उतरती, जागा, पक्षी आणि अंदाजे संख्या एवढे पुरते. थवा मोजताना दहा पक्षी मोजून तेवढा पुंजका किती जागा व्यापतो ते पाहावे आणि मग दहा-दहाच्या पुंजक्यांनी पुढे जावे. ही यादी ई-बर्ड या संकेतस्थळावर टाकता येते आणि ती अभ्यासकांच्या उपयोगी पडते. फेब्रुवारीच्या मध्यावर चार दिवस चालणाऱ्या ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट या पक्षीगणनेत तर पंधरा मिनिटांची यादीही स्वीकारली जाते. एखाद्या पक्ष्याच्या पायात रंगीत पट्टी किंवा कडे दिसले तर रंग, कोणता पाय, गुडघ्याच्या वर की खाली आणि वाचता आली तर अक्षरे लिहून, फोटोसह मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवावे.

ओळख पटली नाही तर अंदाजाने नाव लिहू नये. ‘‘चिखल्या, प्रकार ठरला नाही, 40’’ ही नोंद प्रामाणिक आहे आणि कामाचीही आहे. त्याखाली पायांचा रंग, चोचीची लांबी आणि छातीवर पट्टा होता की नव्हता एवढे लिहून ठेवावे, दुसऱ्या दिवशीच्या भरतीची वेळ पानाच्या वरच्या कोपऱ्यात टिपावी आणि गजर त्याच्या अडीच तास आधीचा लावावा.